सगळ्यांच्या देखत

लिहिताना दार लावून घ्यायची सोय मार्गारेट ऑलिफंटला आयुष्यभर नव्हती, आणि तिनं ती कधी मागितलीही नाही. लग्नाआधी, आईच्या घरी, ती मोठ्या टेबलाच्या एका कडेला कागद घेऊन बसायची. शेजारी आई शिवण घेऊन बसलेली असायची, भाऊ येत-जात असायचे, कोणी भेटायला आलं की हिनंही गप्पांत भाग घ्यायचा आणि पाहुणे उठले की अर्धवट राहिलेलं वाक्य पुढं न्यायचं. नंतर ती विधवा झाली, ब्रिटनभर वाचली जाणारी कादंबरीकार झाली, विंडसरच्या घराचा सगळा खर्च एकटीच्या लेखणीवर चालवू लागली. लिहिण्याची जागा मात्र बैठकीशेजारच्या छोट्या खोलीतलं टेबलच राहिली. घरातल्या बायकांचा सगळा वावर त्याच खोलीतून चालायचा. १८८८ साली, साठीची झाल्यावर, तिनं आपल्या आठवणींत हे लिहून ठेवलं आहे. सलग निवांतपणा मिळायचा तो रात्री, घर झोपल्यावर.

तिच्याविषयी बोलताना लोक बहुधा आकड्यापासून सुरुवात करतात. नव्वदच्या वर कादंबऱ्या, पन्नासच्या वर कथा, चरित्रं, शहरांचे इतिहास, आणि एडिंबरोच्या ‘ब्लॅकवुड्स मॅगझीन’मध्ये वर्षानुवर्षं लिहिलेली शेकडो परीक्षणं आणि लेख, तेही बहुतेक विनानावाचे. आकडा सांगून झाला की निकाल आपोआप लागतो: एवढं लिहिणारी बाई चांगलं कितीसं लिहिणार? मला त्या आकड्यापेक्षा ती टेबलाची कड महत्त्वाची वाटते. ही बाई पन्नास वर्षं सगळ्यांच्या देखत काम करत राहिली आणि ती काम करते आहे हे कोणाला दिसलं नाही. ते दिसू नये याची काळजी तिनंच घेतली. तिच्या आयुष्यातला सगळा पराक्रम त्या काळजीत आहे, आणि माझ्या मते तिचं सगळ्यात मोठं दुःखही तिथूनच आलं.

तिचा जन्म ४ एप्रिल १८२८चा, स्कॉटलंडमध्ये एडिंबरोजवळच्या वॉलीफर्ड गावचा. माहेरचं आडनाव विल्सन. वडील कारकुनी करणारे, अबोल, घरात असून नसल्यासारखे. आई बोलकी, तीक्ष्ण, घर पेलणारी. लिहिणं सुरू झालं तेही आईपायी. आई आजारी होती, उशाशी बसून राहायचं होतं, शिवणकामाची आवड तेव्हा नव्हती, म्हणून हातांना काहीतरी उद्योग हवा म्हणून गोष्ट लिहायला घेतली. १८४९ मध्ये, एकविसाव्या वर्षी, तिची पहिली कादंबरी ‘मिसेस मार्गारेट मेटलंड’ लंडनच्या कोलबर्न या प्रकाशकानं छापली आणि दीडशे पौंड दिले. घरच्यांना कौतुक वाटलं, पण रोजच्या व्यवहारात फरक पडला नाही. तिलाही तो पडावासा वाटला नाही. आपल्या हुशारीचं घरात कोणी फार मनावर घेत नव्हतं, हे ती आनंदानं सांगते.

मे १८५२ मध्ये तिचं नात्यातल्या फ्रँक ऑलिफंटशी लग्न झालं. ‘ब्लॅकवुड्स’मध्ये येणाऱ्या तिच्या पहिल्या कादंबरीची मुद्रितं नेमकी लग्नाच्या दिवशी हातात पडली. फ्रँक रंगीत काचांच्या खिडक्या करणारा चित्रकार होता. पार्लमेंटच्या नव्या इमारतीच्या कामात वास्तुकार प्युजिनच्या हाताखाली त्यानं काम केलं होतं. पुढं त्यानं लंडनमध्ये स्वतःची कार्यशाळा काढली. ती कलेच्या दृष्टीनं चांगली आणि हिशेबाच्या दृष्टीनं तोट्याची चालली. घर बव्हंशी मार्गारेटच्या लिहिण्यावर उभं होतं. सात वर्षांच्या संसारात तीन तान्ही मुलं गेली. मग फ्रँकला क्षय झाला. डॉक्टरनं आशा नसल्याचं त्याला लंडनमध्येच सांगितलं होतं. त्यानं ते बायकोला सांगितलं नाही. हवापालट म्हणून जानेवारी १८५९ मध्ये सगळे इटलीला गेले, आधी फ्लोरेन्स, मग रोम. ‘ब्लॅकवुड्स’चा प्रकाशक ब्लॅकवुड दरमहा वीस पौंड पाठवायचा, त्याबदल्यात ती लेख पाठवायची. ऑक्टोबरमध्ये फ्रँक रोममध्ये वारला. डिसेंबरमध्ये तिथंच धाकटा मुलगा जन्मला, फ्रान्सिस. घरात त्याला सगळे चेको म्हणत.

तिच्याकडे तेव्हा काय होतं हे तिनंच मांडून ठेवलं आहे. सुमारे हजार पौंडांचं कर्ज. नवऱ्याच्या आयुष्याच्या विम्याचे थोडेसे पैसे. वखारीत ठेवलेलं घरचं सामान. सहा वर्षांची मॅगी, तीन वर्षांचा सिरिल आणि तान्हा चेको. आणि स्वतःचं डोकं. वय एकतीस.

पुढची हिवाळ्यातली रात्र इंग्रजी साहित्याच्या इतिहासात ठळक अक्षरांत असायला हवी होती. ती एडिंबरोला आली होती. ‘ब्लॅकवुड्स’कडून एकामागून एक कथा साभार परत येत होत्या. शेवटी तीच जॉर्ज स्ट्रीटवरच्या कचेरीत गेली आणि क्रमशः कादंबरी देऊ का म्हणून विचारलं. जॉन ब्लॅकवुड आणि त्याचे भाऊ मेजर विल्यम दोघंही चांगली माणसं. त्यांनी हळहळून, पण स्पष्ट नाही म्हटलं. ती हसतमुखानं उठली, घरी आली, आणि दिवसभर मुलांशी खेळत राहिली. मुलांना काही कळलं नाही. मुलं निजल्यावर ती टेबलाशी बसली आणि जवळजवळ रात्रभर लिहीत राहिली. ती कथा ‘ब्लॅकवुड्स’नं घेतली, मे १८६१ मध्ये ‘द एक्झिक्युटर’ या नावानं छापली. त्यातूनच कार्लिंगफर्ड या काल्पनिक गावाच्या कथा-कादंबऱ्यांची मालिका उभी राहिली आणि तिचं नाव झालं. त्यातली ‘सेलम चॅपल’ विनानावानं येऊ लागली तेव्हा ती जॉर्ज एलियटची असावी असा काहींचा तर्क होता.

या प्रसंगातला धाडसाचा भाग सगळे सांगतात. मी अडते ती मधल्या दिवसाशी. नकार पदरात घेऊन आलेली आई संध्याकाळपर्यंत मुलांबरोबर हसते आहे, तो दिवस. तिनं मनाशी एक नियम घालून घेतला असावा: पैसा कुठून येतो, कसा येतो, येईल की नाही, याची सावली मुलांवर पडता कामा नये. हा नियम तिनं पुढं तीस वर्षं पाळला.

त्या काळात कादंबरी विकायची पद्धतच अशी होती की भरभर लिहिणाऱ्याचं निभावे. आधी मासिकात क्रमशः, मग तीन खंडांत पुस्तक. तीन खंडांची किंमत साडेएकतीस शिलिंग, म्हणजे मध्यमवर्गालाही विकत घेणं परवडू नये अशी. लोक वर्षाला एक गिनी भरून म्यूडीसारख्या वाचनालयातून एकेक खंड घरी नेत. प्रकाशकाचं मुख्य गिऱ्हाईक हे वाचनालय. त्याला तीन खंड हवे असत, कारण एका कादंबरीवर तीन वर्गणीदार अडकून राहत. म्हणून गोष्ट दोन खंडांत संपली तरी तिसरा भरायचा. ऑलिफंटच्या कित्येक कादंबऱ्यांत ती भर दिसते, आणि ती दिसते असं म्हणायला संकोच करू नये. ‘सेलम चॅपल’चंच बघा. ऑक्सफर्डच्या तोऱ्यात नसलेला पण तशा तोऱ्याची स्वप्नं बघणारा तरुण धर्मोपदेशक व्हिन्सेंट एका गावातल्या छोट्या पंथाच्या प्रार्थनागृहात नोकरीला येतो आणि त्याला कळतं की आपले यजमान म्हणजे लोण्याचा दुकानदार टोझर आणि त्याच्यासारखी मंडळी. पगार तेच देतात, म्हणून प्रवचन कसं असावं हेही तेच ठरवणार. हा अर्धा भाग इतका खरा आहे की गावातल्या कुठल्याही संस्थेच्या कार्यकारिणीत बसलेल्या माणसाला ओळखीचा वाटेल. उरलेल्या अर्ध्यात मुलीचं अपहरण, पिस्तूल, वेडाचे झटके. तेव्हा विल्की कॉलिन्सच्या थरारकथांची चलती होती आणि मासिकाला पुढच्या अंकाची ओढ लावायची होती.

त्याच मालिकेतली ‘द डॉक्टर्स फॅमिली’ ही छोटी कादंबरी मात्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तिची आहे. नेटी ही लहानखुरी, चटपटीत मुलगी ऑस्ट्रेलियाहून येते ती बहिणीला आणि तिच्या तीन दांडग्या पोरांना घेऊन, बहिणीचा दारुडा नवरा आधीच जिथं येऊन पडला आहे तिथं. खर्च तिचा, स्वयंपाकपाण्याची व्यवस्था तिची, पोरांचे कपडे तिनं शिवायचे, बहिणीची रडगाणी तिनं ऐकायची. त्या नवऱ्याचा डॉक्टर भाऊ तिच्या प्रेमात पडतो आणि तिच्या त्यागानं भारावतो. नेटीला त्यागाची भाषा आवडत नाही. हे माझं काम आहे, दुसरं कोणी करणार नाही म्हणून मी करते, एवढंच तिचं म्हणणं. मग एक दिवस ती विधवा झालेली बहीण दुसरं लग्न ठरवते आणि पोरांना घेऊन परत निघते. जिच्यासाठी नेटीनं सगळं केलं तिला सोडून जाताना काही वाटत नाही. नेटी मोकळी होते, आणि त्या मोकळेपणानं तिच्या पायाखालची जमीनच जाते. बाईच्या राबण्याचं गोडगोड चित्र काढणाऱ्या त्या युगात हे लिहिणारी दुसरी लेखिका मला आठवत नाही. नेटी ज्यांचं करते ते वाईट नाहीत, दुष्ट नाहीत. त्यांना फक्त सवय झालेली आहे.

ही कादंबरी लिहिली तेव्हा तिची स्वतःची परीक्षा पुरती सुरूही झाली नव्हती. जानेवारी १८६४ मध्ये, पुन्हा रोममध्येच, दहा वर्षांची मॅगी चार दिवसांच्या तापात गेली. तेव्हा लिहिलेली पानं देवाशी भांडणाऱ्या आईची आहेत. त्यानंतर दोघा मुलांचं शिक्षण हाच तिचा ध्यास झाला. ईटनसारख्या सर्वांत महागड्या शाळेत त्यांना घालायचं, पण घरी राहून शिकवायचं, म्हणून ती शाळेशेजारच्या विंडसरला येऊन राहिली. एवढ्यानं भागलं नाही. मोठा भाऊ विली दारूपायी धर्मोपदेशकाची नोकरी गमावून बसला होता. त्याला रोममध्ये ठेवून वर्षानुवर्षं तिनं पोसलं. दुसरा भाऊ फ्रँक धंद्यात बुडाला, रेल्वेच्या कामासाठी हंगेरीला गेला, तिथून १८७० मध्ये बायको गमावून खचून परत आला. तो आणि त्याची मुलं तिच्या घरी आली. भाऊ १८७५ मध्ये वारला. एक भाचा आणि दोन भाच्या तिच्याच झाल्या.

त्या १८७०च्या निर्णयाबद्दल तिनं जे लिहिलं आहे ते मी अनेकदा वाचते. आता निवांत, कमी, उत्तम असं काही लिहिता येईल अशी आशा तिला वाटू लागली होती. भावाचं कुटुंब आलं आणि ती आशा संपली. ती म्हणते की आपण फार मोठा निर्णय घेतो आहोत असं सोंग मी स्वतःपुढं केलं. खरं तर ठरवायचं काही उरलंच नव्हतं. चांगली कादंबरी लिहिण्यापेक्षा मुलं चांगली वाढवणं मोलाचं, असं तिनं मनाला सांगितलं आणि लगेच जोडलं की तशी चांगली कादंबरी माझ्यात होती असं गृहीत धरलं तर. या शेवटच्या जोडीत विनय आहे, आणि न बऱ्या होणाऱ्या जखमेची कळही आहे.

भाचा फ्रँक इंजिनिअर झाला. विंडसरपासून जवळच कूपर्स हिलला हिंदुस्थानच्या सरकारी बांधकामांसाठी इंजिनिअर तयार करणारं कॉलेज नुकतंच सुरू झालं होतं. तिथून तो इकडे आला आणि १८७९ मध्ये इकडेच वारला. तिच्या ‘मिस मार्जोरीबँक्स’ या सर्वांत खेळकर कादंबरीत नायिकेचा चुलतभाऊ टॉमही नशीब काढायला हिंदुस्थानात जातो. तो परत येतो आणि ल्युसिलाशी लग्न करतो. घरातला फ्रँक परत आला नाही. ब्रिटनमधल्या हजारो मध्यमवर्गीय घरांसाठी हिंदुस्थान म्हणजे मुलगा पाठवायची आणि पत्राची वाट पाहायची जागा होती. ऑलिफंटच्या कादंबऱ्यांत तो देश तेवढाच दिसतो, आणि तिनं पाहिलेल्याहून जास्त दाखवण्याचा आव ती आणत नाही.

राहिले दोन मुलगे. दोघंही ईटनमधून ऑक्सफर्डच्या बेल्यल कॉलेजात गेले. दोघंही हुशार, गोड, वाचणारे. आणि दोघांचंही पुढं काही झालं नाही. सिरिलकडून फार मोठ्या अपेक्षा होत्या. हळूहळू त्या मावळल्या. तिनं संपादित केलेल्या परदेशी अभिजात लेखकांच्या मालेत त्यानं फ्रेंच कवी म्युसेवर एक छोटं पुस्तक लिहिलं. चेकोला ब्रिटिश म्युझियममध्ये जागा मिळत होती, तब्येतीच्या तपासणीत तो नापास झाला. आईबरोबर त्यानं व्हिक्टोरियन साहित्याचा इतिहास लिहिला, तो १८९२ मध्ये आला. पण तोवर सिरिल गेला होता, नोव्हेंबर १८९० मध्ये. चेको १८९४ मध्ये गेला. सहाही मुलं तिनं आपल्या हातांनी पोचवली.

आठवणी लिहिताना ती स्वतःला एक प्रश्न विचारते, आणि तो वाचताना माझा जीव गलबलतो. माझं काम मी नेहमी हलकं करून दाखवलं, ती म्हणते. लेखनाचे कष्ट मी चेष्टेवारी नेले, पैशाची चिंता हसून झाकली. मुलांना वाटलं असेल की काम म्हणजे असंच काहीतरी असतं, गप्पा मारता मारता होऊन जाणारं. मी जे उदात्त समजून केलं त्याऐवजी दुसरा, कमी उदात्त मार्ग धरला असता, तर कदाचित सगळ्यांचंच भलं झालं असतं. एडिंबरोतल्या त्या दिवसाचं हे शेवटचं टोक आहे. मुलांना तिनं भूक कळू दिली नाही, भीती कळू दिली नाही, आणि त्यांच्याबरोबरच श्रमाचं वजनही कळू दिलं नाही.

हे सगळं घडायच्या आत, १८८३ मध्येच, तिनं ‘हेस्टर’ लिहिली होती. माझ्या मते ती तिची सर्वोत्तम कादंबरी. कॅथरीन व्हर्नन तरुणपणी गावातली खानदानी बँक बुडता बुडता वाचवते, स्वतःचे पैसे घालून, आणि पुढं वर्षानुवर्षं ती चालवते. गरीब नातेवाइकांना एका मोठ्या घरात फुकट राहायला जागा देते. ते तिचं खातात आणि पाठीमागं तिची टवाळी करतात. तिला ते माहीत असतं आणि त्याची गंमत वाटते. फक्त एका माणसापुढं तिची ही तीक्ष्ण नजर आंधळी होते: एडवर्ड, दूरच्या नात्यातला तरुण, ज्याला तिनं मुलगा मानलं आहे. एडवर्ड तिच्यापुढं आज्ञाधारक, आणि आतून तिच्या उपकारांनी घुसमटलेला. तो बँकेचा पैसा सट्ट्यात लावतो. म्हातारपणी कॅथरीनला तीच बँक दुसऱ्यांदा वाचवावी लागते. देणाऱ्या माणसाबद्दल घेणाऱ्याच्या मनात कसा राग साठतो, हे इतक्या समंजसपणे सांगणारं पुस्तक मी इंग्रजीत दुसरं वाचलेलं नाही. लेखिका दोघांचीही बाजू जाणते. एडवर्डच्या घुसमटीला ती खोटं म्हणत नाही.

स्त्रियांच्या हक्कांबाबत तिची मतं आजच्या वाचकाला त्रास देतात, आणि ती लपवून तिची बाजू मांडण्यात अर्थ नाही. १८५६ मध्ये विवाहित स्त्रीला स्वतःच्या मिळकतीवर हक्क असावा म्हणून बार्बरा ली स्मिथ आणि इतर स्त्रियांनी पार्लमेंटकडे अर्ज केला, तेव्हा ‘ब्लॅकवुड्स’मध्ये त्याविरुद्ध लेख लिहिला तो मार्गारेट ऑलिफंटनं, जिच्या कमाईवर तिचं घर चाललं होतं. १८६६ मध्ये तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलनं स्त्रियांच्या मताधिकाराचा प्रश्न मांडला तेव्हाही तिनं टिंगलीचा सूर लावला. हे वाचताना राग येतो. पण १८८० मध्ये ‘फ्रेझर्स मॅगझीन’मध्ये तिनं स्त्रियांच्या तक्रारींवर लिहिलं तेव्हा बोलणारी बाई वेगळी आहे. घर चालवतो तो पुरुष, बायको फक्त पोसली जाते, या समजाला ती तिथं सरळ भिडते. बाईचं घरातलं काम हे काम म्हणून धरलंच जात नाही, हे तिचं दुखणं. आणि कर भरणाऱ्या, घर चालवणाऱ्या आपल्यासारखीला मत नसावं हा शुद्ध अडाणीपणा आहे, असंही ती म्हणते. कायद्याच्या तक्रारींपेक्षा न दिसण्याची तक्रार तिला आधी कळली, कारण ती तिनं भोगली होती.

१९३८ मध्ये व्हर्जिनिया वुल्फनं ‘थ्री गिनीज’मध्ये तिचं उदाहरण दिलं. या बाईनं आपली उत्तम बुद्धी विकली, पोटासाठी आणि मुलांच्या शिक्षणासाठी संस्कृतीचा बाजार मांडला, असा त्याचा आशय. वुल्फचा रोख व्यवस्थेवर होता हे मला मान्य आहे, आणि तरीही त्या परिच्छेदानं ऑलिफंटचं जेवढं नुकसान केलं तेवढं कोणा टीकाकारानं केलं नसेल. वुल्फच्या वडिलांनी, लेस्ली स्टीफननी, ‘कॉर्नहिल’ मासिकाचे संपादक असताना तिच्या कादंबऱ्या छापल्या होत्या, वुल्फची मावशी मानली जाणारी अ‍ॅनी थॅकरे तिची जिवलग मैत्रीण होती. माणसं घरची होती. ‘अ रूम ऑफ वन्स ओन’मधल्या निवेदिकेला वर्षाला पाचशे पौंड आणि त्यातून मिळालेलं स्वातंत्र्य कुठून येतं हेही आठवावं: मुंबईत घोड्यावरून पडून वारलेल्या आत्याकडून. मार्गारेट ऑलिफंट ही अशा गोष्टींमधली आत्याच होती. तिचे पैसे येत राहिले, आणि ते कुठून येतात हे तिच्या घरातही कोणी विचारलं नाही.

जॉर्ज एलियटशी तुलना तिनं स्वतःच केली. १८८५ मध्ये एलियटचं चरित्र वाचून तिनं आठवणींना हात घातला. एलियटला जपणारा माणूस होता, लिहिण्यासाठी सगळं जग दाराबाहेर थांबवणारा. ‘रोमोला’ला ‘कॉर्नहिल’नं सात हजार पौंड दिले. ऑलिफंटला एका कादंबरीसाठी मिळालेली मोठी रक्कम पंधराशे, ‘द पर्पेच्युअल क्युरेट’ची. मलाही तशी ऊब मिळाली असती तर मी अधिक चांगलं लिहिलं असतं का, हा तिचा प्रश्न. आम्ही वाचक त्याला झटकन ‘हो’ म्हणतो. मला ते ‘हो’ पटत नाही. तिची कमकुवत पुस्तकं तशी नसती, हे उघड आहे. पण नेटी, कॅथरीन व्हर्नन, ‘कर्स्टीन’मधली लंडनला पळून येऊन शिवणकामावर बुडालेल्या घराण्याची जमीन सोडवणारी मुलगी, या बायका बंद दाराआड सापडल्या नसत्या. त्या टेबलाच्या कडेलाच बसलेल्या होत्या.

तिची शेवटच्या वर्षांतली एक कथा आहे, ‘द लायब्ररी विंडो’, १८९६ची. आत्याकडे राहायला आलेली एक पुस्तकवेडी मुलगी उन्हाळ्याच्या लांबलेल्या संध्याकाळी खिडकीत बसते. समोरच्या जुन्या ग्रंथालयाच्या भिंतीवर एक खिडकी आहे; ती खरी की नुसती रंगवलेली, यावर मोठ्या माणसांचा वाद चाललेला. मुलीला मात्र हळूहळू तिच्यातून आतली खोली दिसू लागते, मग टेबल, मग लिहीत बसलेला माणूस. तो लिहितो आहे, सतत, मान वर न करता. इतर कोणाला तो दिसत नाही. शेवटी तिला आत नेतात तेव्हा तिथं खिडकी नसते, पुस्तकांचं कपाट असतं. पुढं कितीतरी वर्षांनी ती हिंदुस्थानातून विधवा होऊन, लहान मुलांना घेऊन बोटीतून उतरते, तेव्हा धक्क्यावरच्या गर्दीत तिला तो पुन्हा दिसतो. सदुसष्ट वर्षांच्या ऑलिफंटनं भुताची गोष्ट लिहायला घेतली आणि तिच्या हातून उतरलं ते कोणाला न दिसणारं लिहिणं. ते पाहणारं एकच माणूस, लिहायची इच्छा असलेली मुलगी. या कथेला मी तिचं खरं आत्मचरित्र म्हणेन.

दुसरं, रीतसर आत्मचरित्र तिनं मुलांसाठी लिहायला घेतलं होतं. सिरिल गेल्यावर ते एकट्या चेकोसाठी राहिलं. चेको गेल्यावर तिनं लिहिलं की आता वाचायला घरचं कोणी नाही, नुसते वाचक आहेत, तेव्हा त्यांच्या करमणुकीचे किस्से घालायला हवेत. तसे काही घातलेही, आणि मग लेखणी थांबली. २५ जून १८९७ला ती विंबल्डनला वारली, राणीच्या राज्यारोहणाच्या साठ वर्षांचा सोहळा होऊन तीनच दिवस झाले होते. हातात ब्लॅकवुड घराण्याचा इतिहास होता. दोन खंड तिचे झाले, तिसरा दुसऱ्या हातानं पुरा झाला. ईटनला मुलांशेजारी तिला पुरलं.

आज तिची पुस्तकं मिळतात. १९६९ मध्ये क्यू. डी. लीव्हिस यांनी ‘मिस मार्जोरीबँक्स’ला प्रस्तावना लिहून तिला पुन्हा पुढं आणलं, १९८०च्या दशकात विरागो प्रकाशनानं कार्लिंगफर्डची पुस्तकं आणि ‘हेस्टर’ छापली. कोणी मला विचारलं तर मी आधी ‘द डॉक्टर्स फॅमिली’ हातात देईन, ती दोन संध्याकाळींत संपते, मग ‘हेस्टर’, मग ‘द लायब्ररी विंडो’. हसायचं असेल तर ल्युसिला मार्जोरीबँक्स आहेच. आत्मचरित्र घेताना मात्र १८९९ची आवृत्ती घेऊ नये. ती नातलगांनी प्रेमानं तयार केली, पण पानं कालक्रमानं लावताना त्यांनी मॅगीच्या मृत्यूनंतर लिहिलेला बराच भाग गाळून टाकला. एलिझाबेथ जे यांनी १९९० मध्ये हस्तलिखितावरून संपादित केलेली प्रत घ्यावी. तिच्यात ती पानं आहेत, आणि मार्गारेटनं ज्या क्रमानं लिहिली त्या क्रमानं आहेत.